दहा कोटींच्या नोटेवरची व्हेरोन

आमच्या इमारतीत कपडे धुणारी चोर्दाश व्हेरोन सरकारी नोटेवर छापून आली, असं पोझ्गाईकाकाने मार्चमधल्या एका सकाळी आतल्या चौकात उभं राहून जाहीर केलं. तीन मजल्यांवरची माणसं कठड्याशी गोळा झाली. पोझ्गाईकाका आमचा राखणदार. किल्ल्या, कचरा आणि चहाड्या ही तिन्ही खाती त्याच्याकडे होती, आणि तिन्हींत तो कधी चुकला नाही.

"बघा, बघा!" नवी कोरी नोट डोक्यावर नाचवत तो म्हणाला. "दहा कोटी पेंगो! आणि वर कोण? आपली व्हेरोन! काय गं, कधी बसलीस चित्र काढून घ्यायला? आम्हाला पत्ता नाही!"

व्हेरोनमावशी चादर पिळत होती. तिने चादर पुरती पिळली, हात एप्रनला पुसले आणि मग नोट हातात घेतली. नोटेवर डोक्याला रुमाल बांधलेली एक खेडवळ बाई होती. मीही वाकून पाहिलं. रुमालाची गाठ तीच, कपाळ तसंच रुंद, आणि समोरच्याची सगळी लबाडी आधीच ठाऊक असल्यासारखी नजरही तीच. माझ्या अंगावर काटा आला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि जगात कशालाच भुलायचं नाही असं ठरवून बसले होते, तरी काटा आला हे खरं.

"नाक माझं नाही," मावशी म्हणाली. "इतकं सरळ नाक असतं तर धुणी कशाला धुतली असती?"

सगळे हसले. ती मात्र नोट परत देईना. बराच वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "पण आंब्रुशला वाटेल मीच."

आंब्रुश हा तिचा मुलगा, एकुलता एक. ती झेम्प्लेनच्या डोंगरातली. चौदाव्या वर्षी बुडापेस्टला मोलकरीण म्हणून आली, वीटभट्टीवरच्या माणसाशी लग्न केलं, सहा वर्षांत तो छातीच्या दुखण्याने गेला. मग तिने हात साबणाच्या पाण्यात घातले ते आयुष्यभरासाठी. मुलाला कुलपं बनवायच्या कामावर शिकाऊ म्हणून लावलं. चव्वेचाळीस साली त्याला सैन्यात ओढून नेलं आणि पुढच्या वर्षी कुणीतरी येऊन सांगितलं, की तो रशियनांच्या कैदेत आहे, जिवंत आहे. एवढीच बातमी. त्याआधी शहराला वेढा पडला होता तेव्हा वाची रस्त्यावरचं तिचं घर बॉम्बने कोसळलं. ती तळघरात होती म्हणून वाचली. घरातली भांडी, बिछाना, मुलाचा एकुलता एक फोटो, सगळं गेलं. आमच्या मामाने (आम्ही आईलाच मामा म्हणायचो) तिला तोमो रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत, धुण्याच्या खोलीमागे जागा मिळवून दिली.

आंब्रुश मेला असेल अशी भीती तिला कधी वाटली नाही. तिची भीती वेगळी होती. तो सुटून येईल, थेट वाची रस्त्यावर जाईल, तिथे घर नाही हे बघेल, आई मेली असं समजेल आणि या भल्या मोठ्या देशात कुठेतरी निघून जाईल. म्हणून पडक्या घराच्या उरलेल्या भिंतीवर तिने रंगाने लिहून ठेवलं होतं: चोर्दाश आंब्रुश, आई जिवंत आहे. तोमो रस्ता, अकरा. दर रविवारी ती चार मैल चालत जाऊन अक्षरं पुन्हा गिरवायची. सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मलबा उचलणारे आले आणि त्यांनी भिंतही नेली. रविवारी मावशी गेली तर सपाट जमीन. ती रंगाचा डबा तसाच घेऊन परत आली. त्या दिवशी ती जेवली नाही, एवढं मला आठवतं.

केलेती स्टेशनवर बायका कैद्यांच्या गाड्यांची वाट बघत मुलांचे, नवऱ्यांचे फोटो छातीशी धरून उभ्या असायच्या. हिच्याकडे फोटोच नव्हता. आणि आता सरकारनेच तिचा फोटो छापला होता, तोही लाखोंनी.

दुसऱ्या दिवसापासून तिने नोटांवर लिहायला सुरुवात केली. शाईची पेन्सिल, ओली केली की जांभळी उमटणारी, जिभेला लावायची आणि बाईच्या चेहऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेत तेच वाक्य लिहायचं. जीभ कायमची जांभळी झाली.

"व्हेरोन, सरकारी नोटेवर लिहिणं गुन्हा आहे हो," पोझ्गाईकाका म्हणाला.

"मग येऊ दे पोलिसाला. दुपारचा पगार हातात पडल्यावर तो माझ्यामागे धावेल की बाजाराकडे?"

 त्या दिवसांत धावणं हाच सगळ्यांचा धंदा होता. मी बटणांच्या कारखान्यात टंकलेखिका होते. पगार दिवसातून दोनदा व्हायचा, बारा वाजता आणि चार वाजता, कारण बाराचा पगार चारपर्यंत ठेवला तर तो निम्माच उरायचा. फाटक उघडलं की बाहेर बायकांची झुंबड उडायची. नवऱ्याच्या हातातून नोटा खेचायच्या आणि तेलेकी चौकाच्या बाजाराकडे पळत सुटायचं. ज्यांच्या घरी पळणारं कुणी नव्हतं त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. आमच्या इमारतीतले आम्ही सहा जण त्या कारखान्यात होतो आणि सहाही घरांसाठी व्हेरोनमावशी पळायची. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, गुडघे धुण्याच्या दगडावर झिजलेले, पण पदर खोचावा तसा घागरा वर खोचून ती निघाली की तरण्या पोरी मागे पडायच्या. आम्ही तिला पैसे देत नव्हतो, पैसे कोण घेतो? दहा बटाट्यांमागे एक बटाटा तिचा, असा हिशोब होता.

नोट म्हणजे पत्रच, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि खरं सांगते, मला ते तेव्हा मुळीच पटलं नाही. ती म्हणायची, "एतेल्का, पूर्वी नोट कुठे असायची? गादीखाली. आता एकही नोट कुणाच्या खिशात रात्रभर झोपत नाही. सकाळी माझ्या हातात, दुपारी मीठवाल्याच्या, संध्याकाळी सोल्नोकच्या गाडीत, उद्या देवाला माहीत कुठे. इतकं भटकणारं पत्र पोस्टाने कधी नेलंय का?"

मी नाक मुरडलं. हजारो नोटांत तुझ्या चार नोटा, मी म्हटलं, समुद्रात थुंकण्यासारखं आहे. ती हसून पेन्सिल जिभेला लावायची.

मार्चमधली ती दहा कोटींची नोट एप्रिलात एका अंड्याची उरली आणि मे महिन्यात कशाचीच नाही. मग जूनमध्ये तीच बाई परत आली. आकडा दहा कोटीच, रुमाल तोच, रंग वेगळा, आणि पेंगोच्या आधी एक छोटासा शब्द. त्या शब्दाने ती नोट आधीच्या नोटेच्या दहा लाख पट मोठी झाली. मावशीला आनंद झाला, जणू नातलग पुन्हा भेटली. पोझ्गाईकाका म्हणाला, "व्हेरोन, तू तीन महिन्यांत दहा लाख पटीने वाढलीस, पण अंगावर मूठभर मांस चढलं नाही!"

"तुझी तेवढी जीभ वाढली," ती म्हणाली.

भांडण झालं ते जूनच्या शेवटी. मामाला वेढ्यात तळघराच्या ओलीने जो खोकला लागला तो गेलाच नव्हता. डॉक्टर म्हणाला, औषध नाही, चरबी खायला घाला, नाहीतर हिवाळा काढणार नाही. चरबी! शहरात डुकराची चरबी म्हणजे सोनं होतं. त्या दिवशी बाजारात एका गावकऱ्याने अर्धा किलो चरबी नोटा घेऊन विकायला काढल्याची बातमी सकाळीच आली होती. मी बाराच्या ठोक्याला मावशीच्या हातात सगळ्या नोटा कोंबल्या आणि म्हटलं, "आज सरळ जा. लिहीत बसू नकोस."

ती संध्याकाळी आली ती सुक्या वाटाण्याची पिशवी घेऊन.

"चरबी?"

"माझ्यापुढे दोघी होत्या," ती म्हणाली. "माझी पाळी आली तोवर त्याने भाव वाढवला. नोटा पुरल्या नाहीत."

"दोघी कशा आल्या तुझ्यापुढे? तू सगळ्यांच्या पुढे असतेस!"

 तिचे ओठ ओले जांभळे होते. मी समजले.

मग मी जे बोलले ते तिन्ही मजल्यांनी ऐकलं. मी म्हटलं, तुझ्या मेलेल्या मुलापायी माझी जिवंत आई मरणार आहे. मी "मेलेल्या" म्हटलं. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हाच मला कळलं, की आता तो परत घेता येणार नाही. मावशीने माझ्याकडे बघितलं, नोटेवरच्या बाईसारखंच, आणि वाटाण्याची पिशवी आमच्या दारात ठेवून खाली गेली.

रात्रभर मामा खोकत होती आणि मी जागी होते. सकाळी मी धुण्याच्या खोलीत गेले. माफी मागायला माझी जीभ कधीच नीट वळली नाही, आजही वळत नाही. म्हणून मी तिच्यापुढे व्यवहार ठेवला.

"मावशी, बाराला वाटायच्या नोटा ऑफिसात अकरालाच येतात. आपल्या सहाही जणांचे पैसे मी तेव्हाच एकत्र मागून घेते. तासभर माझ्या टेबलावर राहतील. मी लिहीन. माझं अक्षर बघितलंयस? छापल्यासारखं आहे. तू फक्त पळ."

तिचे डोळे भरून आले. "तू लिहिशील? सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

"देव तुझं भलं करो, लेकरा," म्हणून तिने माझे हात धरले. तिचे हात साबणाने इतके मऊ पडले होते, की आत हाडं आहेत की नाहीत असं वाटायचं.

पहिल्या दिवशी मी सगळ्या नोटांवर लिहिलं. हात दुखून आला आणि साहेब म्हणाला, "तुम्ही पत्रं टाइप करायला बसता की नोटा रंगवायला?" दुसऱ्या दिवशी निम्म्यांवर लिहिलं. तिसऱ्या दिवसापासून मी फक्त गठ्ठ्यातल्या सगळ्यांत वरच्या नोटेवर लिहायला लागले. एक नोट. वर सुतळी बांधायची आणि फाटकाशी मावशीच्या हातात द्यायची. तिला वरची नोट दिसायची, छापल्यासारखं अक्षर दिसायचं आणि ती पळत सुटायची. खालच्या कोऱ्या असायच्या. मी स्वतःला सांगितलं, एक काय नि वीस काय, सगळा वेडेपणाच.

वर मी थट्टाही केली. जुलैत ती बाई तिसऱ्यांदा आली, आणखी एका छोट्या अक्षरासह, पुन्हा दहा लाख पट मोठी. एकावर वीस शून्यं! मी ती नोट टेबलावर ठेवून शून्यं कागदावर मांडत बसले आणि माझं डोकं गरगरलं. इतके तर सगळ्या देशातल्या गव्हाचे दाणे नसतील, आणि त्यात येत होती अर्धा किलो चरबी. मला हसू आलं आणि रडूही. त्या नोटेवर मी मावशीचं वाक्य लिहिलं आणि खाली आपल्या मनाने जोडलं: मिळेल त्याने आजच खर्च करावी, पुढच्याला द्यावी.

त्या दिवशी मावशीने चरबी आणली. बरोब्बर अर्धा किलो, कोबीच्या पानात गुंडाळून. मामाने ब्रेडवर लावून खाल्ली आणि तिच्या गालावर चार महिन्यांनी रंग दिसला. मला वाटलं, बघा, मी लिहायला लागले आणि हिचे पाय पुन्हा सुटले.

पण नंतर ती पुन्हा उशीर करायला लागली. पाच मिनिटं, सात मिनिटं. मी म्हणायचे, "मावशी, म्हातारी झालीस." ती म्हणायची, "झाले असेन." तिची जीभ अजून जांभळी होती. ते मी बघितलं होतं. बघून सोडून दिलं.

मग एक ऑगस्ट उजाडला आणि पेंगो मेला. नवा पैसा आला, फोरिंट. चारशे कोटी अशा नोटा दिल्या तर एक फोरिंट, असा दर लागला. म्हणजे अशा नोटांनी आमची आख्खी इमारत, तिन्ही मजले, छतापर्यंत भरली असती तरी एक नाणं आलं नसतं. लोक नाचले. तेलेकी चौकात लोकांनी जुन्या नोटा उधळल्या, गटारात ढकलल्या, मुलांनी त्यांची विमानं केली. सफाईवाले त्या झाडूने ढिगात लोटत होते. बाजारात मात्र पहिल्यांदाच सकाळचा आणि संध्याकाळचा भाव एक होता. मी दुपारी बारा वाजता पगार घेतला आणि तो खिशात ठेवून चालत घरी आले. चालत! वर्षभरात पहिल्यांदा. वाटेत मी दोनदा थांबले, काही नाही, उगाच थांबता येतं म्हणून.

घरी आले तर व्हेरोनमावशी धुण्याच्या खोलीच्या पायरीवर रडत होती. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. वेढ्यात नाही, भिंत गेली तेव्हाही नाही.

"आज सगळे हसतायत आणि तू?"

"आता कुणी पळणार नाही, एतेल्का," ती म्हणाली. "आता पैसा खिशात झोपेल. माझी पत्रं गटारात गेली."

मी तिच्याशेजारी बसले. मला सांगायचं होतं, की बहुतेक पत्रं मी लिहिलीच नाहीत. पण धीर झाला नाही. मी म्हटलं, "आपण वर्तमानपत्रात देऊ."  वर्तमानपत्रात त्या काळी अशा नावांची पानंच्या पानं यायची, हे तिलाही माहीत होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका दुपारी, मी चौकात पाणी भरत होते. फाटकात एक माणूस उभा होता. टोपीखाली डोकं तासलेलं, उन्हात अंगावर गोधडीसारखा शिवलेला कोट, पायात वेगवेगळे बूट. पोझ्गाईकाका त्याला विचारत होता, कोण पाहिजे, कुणाकडे आलात.  माणसाने टोपी काढली, टोपीच्या अस्तरातून एक कागद काढला आणि घडी उलगडून पुढे धरला.

दहा कोटींची नोट होती. तिसऱ्या खेपेची. बाईच्या चेहऱ्याशेजारी माझं अक्षर. छापल्यासारखं. खाली माझी थट्टा.

माझ्या हातातून बादली पडली. त्या आवाजाने मावशी धुण्याच्या खोलीतून बाहेर आली, ओल्या हातांनी, रुमाल बांधलेली. ती चौकाच्या त्या टोकाला आणि तो फाटकात. कुणी धावलं नाही. आयुष्यभर धावलेली बाई त्या दिवशी पावलं मोजत गेली, जणू जोरात गेली तर तो उडून जाईल. जवळ जाऊन तिने त्याच्या तासलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेवलास का?"

तो आंब्रुश होता. पोझ्गाईकाकाने भिंतीकडे तोंड केलं आणि किल्ल्या वाजवत बसला.

आंब्रुशने नोटेची हकीकत सांगितली ती मावशीने केलेलं वालाचं सूप पिताना, थांबत थांबत. देब्रेत्सेनला कैद्यांना सोडत होते. त्याच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं म्हणून लवकर सोडलं. गाडी तिथून निघाली आणि कबा गावाबाहेर सिग्नलला थांबली. गाड्या तिथे नेहमी थांबतात. रुळांच्या फाटकाशी चौकीवाल्याची बायको उभी होती. ती गाडीच्या कडेने चालत एकेका डब्याशी ओरडत होती, "चोर्दाश आंब्रुश! तुझी आई जिवंत आहे!"

"आणि तू?" मी विचारलं.

"मी गप्प बसलो," तो म्हणाला. "छावणीत नाव पुकारलं तर कधी चांगलं झालं नाही. मी कोटात तोंड लपवलं. शेजारच्याने माझी कॉलर धरून मला उभं केलं. ओरडला, हा बघा, हा इथे आहे! बाईने नोट वर धरली. मला अक्षरं दिसलीच नाहीत आधी." त्याने चमचा खाली ठेवला. "आई दिसली."

जुलैमध्ये त्या बाईच्या नवऱ्याला पगारात ही नोट आली होती. रेल्वेवाले तिकीट-खिडकीत जमलेल्या नोटाच पगारात वाटायचे. तेव्हा तिचं गावात अर्धा किलो चरबी घ्यायचं ठरलं होतं. तिने नोट वाचली आणि चरबी घेतली नाही. जुलै महिन्यात! देशातला शहाण्यातला शहाणा माणूस तासभर नोट ठेवत नव्हता, तेव्हा तिने ती ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी तिची किंमत पाव किलो झाली, आठवड्याने मूठभर मीठ, महिन्याने काहीच नाही. नवरा म्हणे, "अर्धा किलो चरबी हातात धरून गाडीला वारा घालतेस." ती ऐकायची आणि सिग्नल पडला की नोट घेऊन जायची. आंब्रुशच्या आधी किती गाड्या गेल्या हे तिने मोजलं नव्हतं.

"तिच्यावर तर लिहिलं होतं," आंब्रुश म्हणाला, "आजच खर्च करा, पुढच्याला द्या. मी तिला विचारलं, तुम्ही दिली का नाही?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पुढे कुणाला देऊ? सुटून येणारे सगळे माझ्याच दारावरून जातात."

मी उठून बाहेर गेले. मला तिथे बसवेना. ज्या नोटेवर मी थट्टेने वीस शून्यं मोजली होती, ती नोट घेऊन एका अनोळखी बाईने दीड महिना रोज उठून उभं राहावं, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं. आजही मावत नाही. मी आयुष्यात नंतर पुष्कळ मोठमोठी माणसं बघितली, भाषणं ऐकली. पण कुणाचं नाव ऐकून माझी मान आपोआप खाली गेली असेल तर ते कबाच्या त्या चौकीवालीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंब्रुश झोपला होता. मावशी चौकात धुणं धूत होती, आणि गुणगुणत होती, जे तिला बिलकूल येत नव्हतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मावशी, मला तुला काही सांगायचंय."

"सांग."

"मी सगळ्यांवर लिहीत नव्हते. दोन दिवस लिहिलं. मग फक्त वरच्या एकीवर. तुला फसवलं."

तिने शर्ट पाण्यात बुडवला, वर काढला आणि घासत राहिली.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"माहीत होतं?"

"मीठवाल्यापुढे गठ्ठा सोडते ना मी? बघणार नाही का?" मग तिने माझ्याकडे तोंड करून जीभ बाहेर काढली. लहान मुलं डॉक्टरला दाखवतात तशी. अजून जांभळी होती. "बाकीच्यांवर मी लिहीत होते. वाटेत, भिंतीला टेकून. एक तू लिहिलेली असायची, उरलेल्यांवर पटापट व्हायचं तेवढं करायचे. तू म्हणायचीस, म्हातारी झाले."

माझा चेहरा कानापर्यंत तापला. "मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ती एक तरी लिहिली असतीस?"

ती बरोबर होती. मी पायरीवर बसले. ती शर्ट पिळत राहिली आणि मग, जणू हवेबद्दल बोलावं तशी, म्हणाली, "माझ्या शेकड्यांनी गेल्या असतील. थुंकीने अक्षर पसरतं, आणि मुळात ते होतं तरी कसं, कोंबडीने उकरल्यासारखं. कबाच्या त्या बाईला वाचता आलं नसतं. आली ती तुझीच."

मी रडले. लाज वाटून रडले की आनंदाने, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता इतक्या वर्षांनी विचारून उपयोग नाही. व्हेरोनमावशी एकसष्ट साली गेली, आंब्रुशच्या घरी, त्याच्या मुलांच्या गराड्यात. त्या नोटेबद्दल ती मला एका शब्दाने पुन्हा बोलली नाही. फक्त त्या सकाळी तिने ओले हात पुसले, एप्रनच्या खिशातून शाईच्या पेन्सिलीचा बोटभर तुकडा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आता एक काम कर," ती म्हणाली. "आंब्रुशला बरं वाटलं की तो कबाला जाणार आहे. तिची अर्धा किलो चरबी द्यायला. त्याच्याबरोबर त्या बाईला पत्र द्यायचंय. तू लिही. या वेळी सगळं लिही."

मी वर गेले आणि लिहायला बसले. चार पानं झाली. शेवटी मावशीने पेन्सिल जिभेला लावून तिथे आपली सही केली.